खरेदी समित्यांना खुले पत्र : अपग्रेड स्वस्त आहे खरं, पण कशावरचं?

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांच्या किनारपट्टीवरील पतसंस्था, मच्छीमार सहकारी सोसायट्या, शिक्षण संस्था आणि सार्वजनिक वाचनालये यांचे अध्यक्ष, सचिव व खरेदी समितीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की आपल्याकडे कोटेशनं मागवली जातात. कपाट, इन्व्हर्टर, प्रिंटर आणि त्याच पत्रात शेवटच्या ओळीत ‘आवश्यक सॉफ्टवेअर’. तीन कोटेशनं येतात, तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी आकड्याखाली लाल रेघ पडते आणि ठराव मंजूर होतो. कपाटाला ही पद्धत ठीक आहे. पत्रा त्याच गेजचा, मापं तीच, मग कमी दराचं घ्यावं. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात मात्र दोन वेगळ्या वस्तू एकाच रकान्यात बसलेल्या असतात. एकाने पूर्ण परवान्याचा भाव दिलेला असतो, दुसऱ्याने अपग्रेडचा. दुसऱ्याचा आकडा अर्थातच कमी. ज्याने नीट विचारपूस करून पूर्ण परवान्याचा भाव दिला तो बाद होतो, आणि पुढच्या वर्षी तोही शहाणा होऊन अपग्रेडचाच भाव लावतो.

मी या पट्ट्यातल्या छोट्या कार्यालयांचे संगणक आणि हिशेबाची पॅकेजं सांभाळतो. ‘आमका ता काय कळणा नाय, कमी कोणाचा ता सांगा,’ हे मी बैठकांमधून इतक्या वेळा ऐकलं आहे की शेवटी हे पत्र लिहायला बसलो. कोणा एका संस्थेवर बोट ठेवायचं नाही. पण पैसे सभासदांचे आहेत, आणि ते दोन्ही बाजूंनी वाया जाताना दिसतात: कधी अपुरा परवाना घेऊन, कधी गरज नसताना पूर्ण परवाना घेऊन.

आधी मुद्दा स्वच्छ करतो. ज्याच्याकडे आधीची आवृत्ती रीतसर विकत घेतलेली आहे, त्याच्याकडून कंपनी नव्या आवृत्तीसाठी फक्त फरकाची रक्कम घेते. ती अपग्रेडची किंमत. आधीचं काही नसताना जो घ्यावा लागतो तो पूर्ण परवाना. बागायतदारांना हे वेगळं समजवायला नको: हापूसची काडी कितीही अस्सल असली तरी खाली रायवळचा खुंट नसेल तर ती सुकणारच. मूळ परवाना नसताना घेतलेलं अपग्रेड म्हणजे पैसे देऊन घेतलेली विनापरवाना प्रत. बिल आहे, जीएसटी १८ टक्के भरला आहे, की (म्हणजे सॉफ्टवेअर सुरू करताना टाकायचा क्रमांक) चालते आहे, तरीही.

‘की चालते आहे’ यावरच बहुतेकांची गाडी अडते. पूर्वी सॉफ्टवेअर स्वतःच चौकशी करायचं. विंडोज एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या डिस्कवर चढवायला गेलं की ती आधीच्या विंडोजची सीडी घालायला सांगायची. आता पुष्कळ पॅकेजं की टाकली की गप्प बसतात. पडद्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसणं ही तांत्रिक गोष्ट झाली. परवाना ही कराराची गोष्ट आहे, आणि तपासणी झाली तर पाहिले जातात ते कागद.

दुसरी एक अट सहसा कोणी वाचत नाही. अपग्रेड घेतलं की जुना परवाना नव्यात विरघळतो. म्हणजे कार्यालयातल्या संगणकावर नवी आवृत्ती चढवली आणि ‘जुनी वाया कशाला घालवायची, ती मुख्याध्यापकांच्या संगणकावर टाकू’ असं केलं, तर एका परवान्यावर दोन यंत्रं चालली. आपल्याकडे ही काटकसर फार प्रेमाने केली जाते. दोन यंत्रांवर हवं असेल तर दुसरा परवाना पूर्णच घ्यावा लागतो.

आता विंडोज. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो म्हणून थोडं सविस्तर.

विंडोजचे परवाने साधारण तीन वाटांनी येतात. संगणकाबरोबर कंपनीतूनच बसून येतो तो ओईएम. तो परवाना त्या यंत्राचा असतो, संस्थेने नवं यंत्र घेतलं तर त्याच्यावर नेता येत नाही. वेगळा विकत घेतलेला तो रिटेल. तो एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. तिसरा व्हॉल्यूम, म्हणजे अनेक यंत्रांसाठी करारावर घेतलेला. या तिसऱ्याबद्दलची एक गोष्ट फार थोड्या समित्यांना माहीत असते: व्हॉल्यूम करारावर मिळणारा डेस्कटॉप विंडोजचा परवाना अपग्रेडच असतो. प्रत्येक यंत्रावर आधीपासून पात्र असं विंडोज हवं. त्यातही पतसंस्था, सोसायटी यांसारख्यांना मूळ परवाना म्हणून होम ही घरगुती आवृत्ती चालत नाही, प्रो ही कामकाजाची लागते. शिक्षण संस्थांना तेवढी सवलत आहे.

याचा आपल्याकडे होतो तो परिणाम असा. संगणक घेताना यंत्रामागे काही हजार वाचावेत म्हणून ‘डॉसवाली’ यंत्रं घेतली जातात, म्हणजे ज्यांच्यावर विंडोज नाहीच. मग सॉफ्टवेअरच्या वेगळ्या कोटेशनात कोणीतरी व्हॉल्यूमचा भाव देतो. तो रिटेलपेक्षा कमी असतो. दोन्ही ठिकाणी बचत झाली म्हणून समिती खूश. प्रत्यक्षात एकाही यंत्राला मूळ परवाना नाही, त्यामुळे वरचे सगळे परवाने लोंबकळत आहेत. ही बचत नव्हे. नवं यंत्र घेताना विंडोज प्रोसकटच घ्यावं, हा माझा सरळ सल्ला. संगणकाबरोबर येणारा परवाना हा विंडोजचा सर्वांत स्वस्त पूर्ण परवाना असतो, आणि तो घ्यायची संधी यंत्र घेतानाच असते.

याहून स्वस्त म्हणून इंटरनेटवरच्या बाजारात काही शे रुपयांना विंडोजची की मिळते, ती कोटेशनात हळूच घुसते. अशा किमतीच्या कीज बहुधा कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या किंवा चाचणीसाठी दिलेल्या असतात. आज चालतात, उद्या कंपनी बंद करते, आणि विकणाऱ्याचं दुकान तोवर दुसऱ्या नावाने सुरू झालेलं असतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना पूर्ण की अपग्रेड हा प्रश्न पुण्या-नाशकापेक्षा जास्त टोचतो, आणि त्याचं कारण आपली हवा. खाऱ्या हवेत मदरबोर्डवर हिरवा गंज धरतो. मे महिन्याच्या शेवटी गडगडाट सुरू झाला की टेलिफोनच्या तारेतून वीज येऊन बोर्ड जळतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठ भरून वर गेलं. आपल्याकडे संगणक म्हातारा होऊन मरत नाही, तो मधेच जातो. म्हणून परवाना घेताना एक प्रश्न आधी विचारायला हवा: हे यंत्र उद्या गेलं तर माझ्याकडे काय उरेल?

ओईएम असेल तर बहुधा काही उरत नाही. बिघाडामुळे बोर्ड बदलला आणि तो त्याच मॉडेलचा किंवा उत्पादकाने ठरवलेला पर्यायी असेल, तर परवाना टिकतो. पण पाच-सहा वर्षं जुन्या यंत्राचा तोच बोर्ड कुडाळात काय, कोल्हापुरातही मिळत नाही. मग मिळेल तो बसवला जातो आणि परवान्याच्या हिशेबात तो नवा संगणक ठरतो. रिटेल पूर्ण परवाना असेल तर बिल आणि की जपलेली असली की तो नव्या यंत्रावर जातो. आणि सर्वांत वाईट अवस्था मधली: खाली ओईएम, वर पैसे देऊन घेतलेलं अपग्रेड. यंत्राबरोबर मूळ परवाना बुडाला, वरचं अपग्रेड कागदावर शिल्लक आणि चढवायला जागा नाही. जुन्या विंडोज ७ च्या ओईएमवर २०१५-१६ मध्ये फुकट चढवलेलं विंडोज १० सुद्धा शेवटपर्यंत त्या यंत्रालाच बांधलेलं राहतं. ते ‘आपलं’ विंडोज १० आहे, नव्या संगणकावर टाकू, असं होत नाही.

याला जोडूनच डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. आपल्या रजिस्टरात खुर्च्या असतात, पंखे असतात, मॉनिटर असतात. परवाना नसतो, कारण त्याला नंबर घालायला वस्तू नाही. परिणाम असा की संगणक निर्लेखित करून भंगारात गेला की त्याच्यावरचा रिटेल परवानाही कोणाच्या लक्षात न येता निर्लेखित होतो. विम्याच्या सर्व्हेअरसमोर दावा मांडताना सॉफ्टवेअरचा आकडा कुठून आणणार? रजिस्टरात परवान्याला स्वतंत्र पान द्या. नाव, आवृत्ती, पूर्ण की अपग्रेड, अपग्रेड असेल तर कुठल्या मूळ परवान्यावर, बिल क्रमांक, आणि सध्या कोणत्या यंत्रावर. लेखापरीक्षक मंडळींना यानिमित्ताने विनंती की त्यांनीही हे पान मागावं. त्यांनी मागितलं की ते होतंच, हा अनुभव आहे.

मुंबईकर मंडळांनाही दोन शब्द. गणपतीला किंवा मे महिन्यात येताना चाकरमानी आपल्या कंपनीतले जुने संगणक गावच्या शाळेला मिळवून देतात. मोठं काम आहे ते. फक्त त्या यंत्रांवर चालू असलेलं विंडोज एंटरप्राइज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे सहसा कंपनीच्या करारातलं असतं. यंत्र दान केलं म्हणून ते आपोआप शाळेचं होत नाही. शाळेकडे येतो तो यंत्राचा स्वतःचा ओईएम परवाना. जुन्या यंत्रांवर त्याचं स्टिकर डब्याला चिकटवलेलं असतं, विंडोज ८ पासूनच्या यंत्रांत की बोर्डच्या आतच लिहिलेली असते. म्हणून यंत्रं उतरवून घेताना स्टिकर शाबूत आहे ना ते पाहा, आणि कंपनीकडून दानपत्र घ्या ज्यात यंत्राचा सिरियल नंबर आणि ‘मूळ ओईएम परवान्यासह’ असा उल्लेख असेल. पांढऱ्या रंगाने डबे रंगवून त्यावर देणगीदाराचं नाव लिहिताना स्टिकर खरवडून काढणारी एक शाळा मला माहीत आहे. नाव सुंदर अक्षरात आहे.

हल्ली चालू असलेला गोंधळ विंडोज ११ चा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यानंतर ‘विंडोज ११ अपग्रेड, प्रति यंत्र इतके’ अशी कोटेशनं फिरू लागली. यात दोन प्रकारची यंत्रं आहेत. ज्यात इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आहे, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे, आणि ज्यावर विंडोज १० रीतसर आहे, त्याला विंडोज ११ फुकट मिळतं. तिथे द्यायची तर फक्त मजुरी. परवान्याचे पैसे मागणाऱ्याला ‘कशाचे?’ एवढंच विचारा. जी यंत्रं या मापात बसत नाहीत, त्यांच्यावर ना पूर्ण परवाना उपयोगी ना अपग्रेड, कारण अडचण यंत्राची आहे. अशा यंत्रांसाठी सुरक्षा सुधारणांची वाढीव मुदत विकत मिळते. शिक्षण संस्थांना तिचा पहिल्या वर्षाचा दर प्रति यंत्र १ डॉलर ठेवला आहे, इतर संस्थांना ६१ डॉलर आणि दर वर्षी दुप्पट. सोसायटीच्या जुन्या यंत्रावर ६१ डॉलर घालायचे की ते नव्या यंत्राकडे वळवायचे, हे गणित अवघड नाही.

आणि विंडोज ७ ची जुनी की वापरून फुकटात ११ पर्यंत जाता येतं, असं अजून सांगणारे आहेत. अधिकृत फुकट मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती. त्यानंतर मागचं दार बरीच वर्षं उघडं होतं, ते मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केलं. तेव्हा विंडोज ७ चा डबा हा आता ११ साठी मूळ परवाना म्हणून धरू नका.

ऑफिसचं प्रकरण त्यामानाने सोपं आहे. दुकानात मिळणाऱ्या ऑफिसचे अपग्रेड पॅक २०१० च्या आवृत्तीपासून बंद झाले. तेव्हा कोटेशनात ‘ऑफिस २०२१ अपग्रेड’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते ज्याने लिहिलं त्याला एकतर माहिती नाही किंवा त्याला तुमच्या माहितीची खात्री आहे. इथे निवड पूर्ण परवाना की वार्षिक वर्गणी अशी आहे. लॅपटॉपबरोबर येणारं ‘होम अँड स्टुडंट’ पतसंस्थेच्या कामाला चालत नाही. २०२१ पर्यंतच्या त्या आवृत्त्यांच्या अटींतच व्यवसायासाठी वापरू नये असं आहे. तो लॅपटॉप मॅनेजरसाहेबांच्या घरी ठीक, काउंटरवर नाही.

आता उलट बाजू. पूर्ण परवान्याची गरज नसताना तो गळ्यात मारला जातो, त्याचं ठळक उदाहरण हिशेबाच्या पॅकेजांचं. आपल्याकडच्या मच्छीमार सोसायट्या डिझेलच्या परताव्याचे हिशेब ठेवतात, काजू कारखानदार जीएसटी भरतात, आणि बहुतेक ठिकाणी टॅली आहे. टॅलीचा परवाना कायमचा असतो. टीएसएस ही त्यावरची वेगळी, मुदतीची सेवा. ती संपली तरी हिशेब लिहिणं थांबत नाही, पण नव्या आवृत्त्या मिळत नाहीत आणि ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल यांसारख्या जोडणीच्या सोयी अडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा टीएसएस चालू असणाऱ्यांना ते वेगळे पैसे न देता मिळालं. टॅलीच्या ईआरपी ९ या आधीच्या आवृत्तीचा रीतसर परवाना असलेल्या संस्थेला पुढे यायला टीएसएसचं नूतनीकरण पुरतं, आणि ते नव्या परवान्याच्या साधारण पाचव्या हिश्शात होतं. तरीही ‘तुमचं जुनं आता चालणार नाही, नवीन घ्यावं लागेल’ असं सांगून नवा परवाना विकला गेल्याचं मी पाहिलं आहे. एका संगणकाचा परवाना अनेक संगणकांसाठी करायचा असेल तरी फरकच भरायचा असतो, सगळं नव्याने नाही.

पण संस्था नवा परवाना घ्यायला का तयार होते? विक्रेता लबाड असतो म्हणून नेहमीच नाही. पुष्कळदा जुना परवाना सापडतच नाही. तो ज्या ईमेलवर नोंदवला तो ईमेल निवृत्त सचिवांच्या मुलाचा असतो, किंवा ज्याने पहिल्यांदा पॅकेज बसवलं त्या दुकानदाराचा, आणि त्याने दुकान बंद करून गोव्यात हॉटेल टाकलेलं असतं. परवाना आहे, पैसे भरले आहेत, पण संस्थेच्या हातात त्याची चावी नाही. मग अपग्रेडला पात्र असूनही पूर्ण किंमत मोजावी लागते. संस्थेच्या नावाचा एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड चार्ज देताना-घेताना तिजोरीच्या चावीसारखा लिहून सही करून द्या-घ्या, आणि यापुढे प्रत्येक परवाना त्याच ईमेलवर नोंदवा. या एका गोष्टीने वाचणारे पैसे सगळ्या घासाघिशीपेक्षा जास्त असतील, अशी माझी खात्री आहे. मराठी टायपिंगच्या काही पॅकेजांना यूएसबी लॉक येतो. तो लॉक म्हणजेच परवाना, ड्रॉवरमधल्या मोडक्या पेन ड्राइव्हांत तो टाकू नका.

पूर्ण घ्यावं की अपग्रेड, याचं हिशेबी उत्तरही पाहू. समजा पूर्ण परवाना १०० रुपयांचा आणि अपग्रेड ६० चं. आज घेतल्यावर पुढच्या तीनही आवृत्त्यांना अपग्रेड करणारा १८० रुपये घालतो. मधल्या दोन सोडून तिसरीला थेट पूर्ण परवाना घेणारा १०० घालतो, आणि त्याचा जुना परवानाही स्वतंत्र राहतो, दुसऱ्या यंत्रावर चालवायला. म्हणजे दर आवृत्तीमागे धावणार असाल तरच अपग्रेड स्वस्त वाटतं आणि तेव्हाच ते महाग पडतं. दोन सोडून तिसरीला ६० मध्ये अपग्रेड मिळत असेल तर अर्थात तेच घ्यावं. पण किती मागच्या आवृत्तीवरून अपग्रेड द्यायचं हे विकणारा ठरवतो आणि तो मन बदलतो. अ‍ॅडोबीने २०११ च्या अखेरीस जाहीर केलं की फोटोशॉप वगैरेंच्या सीएस६ या आवृत्तीचं अपग्रेड फक्त लगतच्या पिढीवरून मिळेल. ओरडा झाल्यावर सीएस३, सीएस४ वाल्यांना २०१२ अखेरपर्यंत मुदत दिली. आणि २०१३ च्या मे महिन्यात सांगितलं की यापुढे नवी आवृत्ती फक्त वर्गणीवर. ऑटोडेस्कने जानेवारी २०१५ नंतर जुन्या परवान्यांची अपग्रेडं विकणं थांबवलं आणि वर्षभराने ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या पॅकेजचे नवे कायमचे परवानेही. ज्यांनी ‘पुढे अपग्रेड करू’ म्हणून आज जास्त पैसे घातले होते, त्यांचं ते पुढे आलंच नाही. भविष्यातल्या अपग्रेडच्या आशेवर आजचा निर्णय घेऊ नये, असं मी म्हणतो ते यासाठी. आजचा परवाना आजच्या कामाला आणि पुढच्या पाच-सात वर्षांना पुरतो का, एवढंच पाहा.

वर्गणीबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. फ्लेक्स छापणाऱ्या, रोज डिझाइन करणाऱ्या दुकानाला वर्गणी परवडते, कारण त्याला नवं हवंच असतं. संस्थेला दरवर्षी ठराव करावा लागतो. ज्या महिन्यात सचिव बदलतात त्याच महिन्यात वर्गणी संपते आणि वार्षिक सभेच्या अहवालाची फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते.

इतिवृत्त, नोटिसा, साधे तक्ते एवढंच काम असेल तर लिबरऑफिस हे ऑफिससारखंच पॅकेज फुकट आहे, मराठीतही आहे, आणि त्यात पूर्ण की अपग्रेड हा प्रश्नच उद्भवत नाही. अनेक शाळांना तेवढं पुरेल. तिथे फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींचं रूपांतर आधी करून घ्यावं लागतं. ते किचकट आहे, पण एकदाच.

कायद्याचंही सांगून टाकतो, भीती घालायला नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकतं. आणि कलम ६९ मध्ये ‘कंपनी’ या शब्दात व्यक्तींच्या इतर मंडळांचाही समावेश आहे, म्हणजे ‘आम्ही कंपनी थोडेच’ हे उत्तर चालणार नाही. जाणूनबुजून हा शब्द तिथे आहे, हे खरं. पण हे पत्र वाचल्यावर तो आधार थोडा कमी झाला, याबद्दल क्षमस्व.

आता माझी मागणी. तीन कोटेशनांची पद्धत सोडा असं मी म्हणत नाही, ती सोडताही येणार नाही. फक्त कोटेशन मागवण्याच्या पत्रातली ‘आवश्यक सॉफ्टवेअर’ ही ओळ काढून तिथे पुढचा मजकूर घाला. जसाच्या तसा उतरवला तरी हरकत नाही:

‘प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी परवाना पूर्ण आहे की अपग्रेड ते स्पष्ट लिहावे. अपग्रेड असल्यास त्यासाठी कोणता मूळ परवाना लागतो आणि तो आमच्या संस्थेकडे असल्याची खात्री आपण कशावरून केली ते नमूद करावे. परवाना दुसऱ्या यंत्रावर हलवता येतो किंवा नाही, तो कायमचा आहे की मुदतीचा, आणि तो संस्थेच्या नावे व संस्थेच्या ईमेलवर नोंदवला जाईल हे लिहून द्यावे. विंडोजबाबत ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहावे. जीएसटीसह दर द्यावा.’

या पाच-सहा ओळींनी तुलनात्मक तक्ता आपोआप सरळ होतो. ज्याच्याकडे उत्तरं नाहीत तो कोटेशनच देत नाही, आणि उरलेल्यांत सर्वांत कमी दराचा निवडायला माझी काहीच हरकत नाही.

आधी घेतलेल्या यंत्रांचं काय, असं विचाराल. विंडोजच्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘डीएलआय’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक छोटी चौकट उघडते आणि त्यात परवाना ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम ते लिहिलेलं असतं. संस्थेने कधी व्हॉल्यूम करार केलेलाच नाही आणि चौकटीत व्हॉल्यूम व सोबत १८० दिवसांच्या आतली मुदत दिसते आहे, तर ते विंडोज कोणी आणि कसं बसवलं हे त्याच दिवशी विचारा. हे काम दहावीतला मुलगाही करेल. शाळेतल्या मुलांकडूनच करून घ्या, सगळी यंत्रं एका दुपारी होतात. त्यातून निघालेली यादी येत्या मासिक सभेपुढे ठेवावी आणि परवान्यांचं पान उघडल्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी, ही विनंती.

आपला,
किनारपट्टीवरच्या संस्थांचे संगणक सांभाळणारा एक तंत्रज्ञ